सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला जाताय? मधल्या ८-१० तासांचं नीट प्लॅनिंग असं करा

ताई मेलबर्नला असते त्यामुळे आईबाबांना घेऊन मुंबई-सिंगापूर-मेलबर्न हा प्रवास माझा आता तीनदा झालाय. पहिल्या वेळी मध्ये ११ तास होते, म्हटलं मस्त, अख्खं सिंगापूर दाखवून आणू दोघांना, आणि पाच ठिकाणांची यादी करून निघालो. दुपारी एकच्या उन्हात मर्लायनसमोर (सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला तिथला प्रसिद्ध पुतळा) आईला चक्कर आली. एका भल्या माणसाने छत्री धरली, पाणी दिलं, अर्ध्या तासात ती बरी झाली पण पुढे मेलबर्नच्या फ्लाइटमध्ये तिचे पाय इतके सुजले होते की चप्पल पायात जाईना. तो दिवस अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. पुढच्या दोन्ही वेळी आम्ही एकच भाग निवडला, आणि आई अजून तिथल्या बोटॅनिक गार्डन्समधल्या सकाळबद्दल बोलते.

तिकीट काढतानाच अर्धं काम होतं

पहिली गोष्ट, दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर घ्या. दोन वेगळी स्वस्त तिकिटं घेतली की बॅगा पुढपर्यंत जात नाहीत, सिंगापूरला इमिग्रेशन करून बॅगा उचला, परत चेक-इन करा, आणि पहिली फ्लाइट लेट झाली तर दुसरीवाले जबाबदारी घेत नाहीत. एका पीएनआरवर असलं तरी मुंबईच्या काउंटरवर विचारून घ्याच की बॅगा थ्रू जातायत ना, आणि टॅगवर शेवटचं शहर कुठलं छापलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

दुसरं म्हणजे गॅप कधी पडतोय ते बघा, नुसता किती तासांचा ते नाही. मुंबईहून सिंगापूर साधारण साडेपाच तास, तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. म्हणजे रात्री निघून सकाळी साडेसातला उतरलात तर तुमच्या शरीराच्या हिशोबाने पहाटेचे पाचच वाजलेत आणि झोप झालीय तीन तासांची. तरीही सकाळी उतरून संध्याकाळी पुढे जाणारी जोडी मला सगळ्यात बरी वाटते कारण सकाळी ऊन कमी असतं. रात्री अकरा ते पहाटे पाच असा गॅप असेल तर शहरात जाण्यात अर्थ नाही, मेट्रो (तिकडे एमआरटी म्हणतात) रात्री साडेअकराच्या आसपास बंद होते आणि टॅक्सीला मध्यरात्रीनंतर ५० टक्के जादा लागतात.

आणि आईवडील सत्तरीच्या पुढचे असतील तर सरळ एक रात्र मुक्काम धरा. डिसेंबर १९४७ मध्ये लंडन-सिडनी विमानसेवा सुरू झाली तेव्हा प्रवासाला चार दिवस लागायचे आणि कैरो आणि सिंगापूर या दोन ठिकाणी प्रवाशांना रात्रभर झोपायला उतरवायचे. आता विमानं वेगवान झाली, माणसाचे गुडघे आणि पाठ तीच आहेत.

व्हिसा: इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

नीट वाचा. एअरपोर्टच्या आत, ट्रान्झिट एरियातच राहणार असाल आणि बॅगा थ्रू असतील तर भारतीय पासपोर्टवाल्यांना सिंगापूरचा व्हिसा लागत नाही. पण बाहेर पाऊल टाकायचं, अगदी एअरपोर्टला लागून असलेल्या ज्वेल मॉलमध्ये जायचं म्हटलं तरी, इमिग्रेशन पार करावं लागतं. त्यासाठी एकतर सिंगापूरचा व्हिसा हवा, किंवा भारतीयांसाठी ९६ तासांची व्हिसा-फ्री ट्रान्झिट सवलत आहे तिच्यात तुम्ही बसायला हवं.

ही सवलत कुणाला? ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, कॅनडा, जर्मनी, स्वित्झर्लंड, ब्रिटन, अमेरिका यांपैकी एखाद्या देशाचा चालू व्हिसा किंवा तिथे राहण्याचा परवाना ज्याच्याकडे आहे, तो सिंगापूरला पोचल्यापासून किमान एक महिना चालू राहणार आहे, आणि ९६ तासांच्या आत तिसऱ्या देशात जाण्याचं पक्कं तिकीट हातात आहे, त्याला. मुक्काम वाढवून मिळत नाही. शेवटचा निर्णय समोरच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो, त्यामुळे ही सवलत म्हणजे हक्क समजून पुढचं नॉन-रिफंडेबल बुकिंग करत सुटू नका.

त्या एक महिन्याच्या अटीकडे लोकांचं लक्षच जात नाही. जाताना सगळं ठीक असतं, पण आईवडील तिकडे पूर्ण मुदतभर राहतात आणि व्हिसा संपायला आठ दिवस उरले की परत निघतात, तेव्हा ही अट आडवी येऊ शकते. सिंगल एंट्री व्हिसावर परत येणाऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत, ते आयसीएच्या (तिकडचं इमिग्रेशन खातं) साइटवर तुमच्या प्रवासाच्या आठवड्यात परत एकदा वाचा. शेजारच्या काकांचं मागच्या वर्षी झालं होतं म्हणून आपलंही होईल असं धरून चालू नका, नियम बदलतात.

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, ईमेलने पत्र येतं. त्याचे दोन प्रिंट काढा, एक तुमच्याकडे, एक आईवडिलांच्या हँडबॅगेत. फोनची बॅटरी नेमकी रांगेत उभं असताना जाते.

निघण्याआधीचे तीन दिवस

बाहेर जाणार असाल तर एसजी अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन भरता येतं आणि ते पूर्णपणे फुकट आहे. गूगलवर शोधलं की पैसे मागणाऱ्या साइट वर येतात, त्यांच्या नादी लागू नका, आयसीएच्याच साइटवर किंवा ॲपवर भरा. प्रत्येकाचं वेगळं भरा, आणि ईमेल असा द्या जो तिथे उघडता येईल, कारण आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, किती दिवस राहायची परवानगी आहे त्याचा ई-पास ईमेलवर येतो. आईबाबांचा ईमेल नसेल तर तुमचाच टाका. ट्रान्झिटमधून बाहेर पडणारच नसाल तर हे कार्ड भरायची गरज नाही.

आता बॅगेत काय नको ते. गुटखा, तंबाखूची पुडी, मशेरी, असलं काहीही नको, चघळायच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे. आपल्याकडच्या कित्येक मोठ्या माणसांच्या खिशात पुडी असतेच आणि ती सवयीने तशीच जाते, म्हणून निघताना प्रेमाने पण स्पष्ट विचारा. व्हेप, ई-सिगारेट बंद. च्युइंगगम १९९२ पासून आत आणायला बंदी आहे. सिगारेटला ड्यूटी-फ्री सूट नाही, एक पाकीट असलं तरी सांगून ड्यूटी भरायची. ड्रग्जला तिथे फाशीपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे एअरपोर्टवर ओळख झालेल्या कुणाचंही पार्सल हातात घेऊ नका, कितीही गयावया केली तरी. झोपेच्या किंवा जोरदार पेनकिलरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना परवानगी लागते का ते तिथल्या एचएसएच्या (औषधांचं सरकारी खातं) साइटवर बघा आणि डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा.

केबिन बॅगेत हे भरा: एक सुती कपड्यांचा जोड, पातळ स्वेटर किंवा शाल, घडीची छत्री, टॉवेल, मोकळी पाण्याची बाटली, दिवसभराची औषधं, डासांचं क्रीम (डेंग्यू तिथेही आहे), आणि सैल चपला. मेलबर्नच्या थंडीचं जॅकेट अंगावर घालून सिंगापुरात उतरलात तर ते दिवसभर काखेत वागवावं लागेल, चेक-इनमध्ये टाका नाहीतर सिंगापूरला टर्मिनलमध्ये पैसे देऊन सामान ठेवायची सोय आहे तिथे ठेवा.

तासांचा हिशोब उलटा करायचा

तिकिटावरचा गॅप म्हणजे तुमचा वेळ नाही. विमानाच्या दारातून इमिग्रेशनपार व्हायला एक तास धरा, बाथरूम आणि तोंड धुणं त्यातच आलं. परत येताना फ्लाइटच्या आधी दोन तास एअरपोर्टवर, बोर्डिंग पास आधीच हातात असेल तरी. जाण्यायेण्याचे दोन तास. म्हणजे पाच तास असेच गेले. सहा तासांचा गॅप असेल तर हातात उरतो एक, त्यासाठी आईवडिलांना शहरात ओढत नेऊ नका. आठ तासांत एक ठिकाण आरामात होतं. दहा-बारा असतील तर एक ठिकाण आणि एक निवांत जेवण. बस.

गॅप साडेपाच तासांपेक्षा जास्त आणि चोवीस तासांच्या आत असेल तर सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टची फुकट सिटी टूर पण आहे, साधारण अडीच तासांची, एसी बस, बरोबर गाइड. बाहेर जायची परवानगी मात्र लागतेच, वर लिहिलेला व्हिसाचा भाग इथेही लागू. ज्यांना नकाशा, मेट्रो, तिकीट यातलं काहीच नको त्यांच्यासाठी ही उत्तम सोय आहे, फक्त जागा आधी बुक करा.

बाहेर जाता येत नसेल किंवा जायचं नसेल तर

वाईट वाटून घेऊ नका. आत खरंच चांगला वेळ जातो. टर्मिनल ३ च्या ट्रान्झिट भागात फुलपाखरांची बाग आहे, २००८ पासून, आत धबधबा वगैरे, सकाळच्या उजेडात जा. टर्मिनल १ ला निवडुंगाची बाग, उघड्यावर. पाय लांब करून पडायच्या खुर्च्या सगळीकडे असतात पण चांगल्या जागा लवकर भरतात. पैसे देऊन अंघोळ करता येते, आणि मी सांगतो, त्या अंघोळीचे पैसे वाचवू नका, पुढच्या आठ तासांत फरक कळतो. आई वैतागली होती ती अंघोळीनंतर हसायला लागली. झोप अगदीच लागत असेल तर ट्रान्झिटच्या आत तासांवर मिळणारी हॉटेलं आहेत, इमिग्रेशन न करता.

ज्वेलमधला तो ४० मीटर उंचीचा धबधबा बघायला इमिग्रेशन पार करावं लागतं असं वर लिहिलं, पण टर्मिनल २ आणि ३ मधली स्कायट्रेन ज्वेलच्या आतूनच जाते, ट्रान्झिटमधून बसलात तरी काचेतून तो दिसतो. काही सेकंदच दिसतो, पण बाबा लहान मुलासारखे परत एकदा बसूया म्हणाले आणि आम्ही तीन फेऱ्या मारल्या. पाणी चालू असेल त्या वेळेत जायचं, मध्यरात्री बंद असतं.

टर्मिनल ४ बाकीच्यांपासून लांब आहे, तिथे स्कायट्रेन जात नाही, शटल बस घ्यावी लागते. पुढची फ्लाइट तिथून असेल तर जास्तीचा अर्धा तास धरा.

बाहेर पडलात: आधी हवा समजून घ्या

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर आहे. उन्हाळा-हिवाळा असं काही नाही, वर्षभर दुपारी ३१-३३ डिग्री. आकडा ऐकून आपण म्हणतो की आमच्याकडे ४२ असतं, हे काय, पण हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, तिथेच मोठ्या माणसांना त्रास होतो. कोकणातला पावसाआधीचा मे महिना आठवा, तसं रोज. त्यातून मॉलमध्ये, ट्रेनमध्ये एसी कडक, घामेजल्या अंगाने आत शिरलं की हुडहुडी. शाल तेवढ्यासाठीच.

म्हणून उघड्यावर फिरायचं ते सकाळी साडेदहा-अकरापर्यंत किंवा संध्याकाळी पाचनंतर, मधला वेळ छपराखाली. दर वीस मिनिटांनी बसा, तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. नळाचं पाणी तिथे बिनधास्त पिण्यासारखं आहे, बाटल्या विकत घेत बसू नका. मीठ-साखरेचं पाकीट जवळ ठेवा (बीपीच्या पेशंटचं डॉक्टरना विचारून).

पाऊस कधीही येतो, जास्त करून दुपारनंतर, धो धो आणि विजांसकट. एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये कधीकधी पहाटेच जोरदार वाऱ्यासह सरी येतात, त्यांना सुमात्रा स्क्वॉल म्हणतात. बहुतेक वेळा तास-दीड तासात ओसरतो, आडोशाला थांबायचं. जुन्या भागात दुकानांपुढून सलग छपराचे पादचारी मार्ग आहेत, फाइव्ह-फुट वे म्हणतात, १८२२ च्या नगररचनेतच तो नियम घातला होता, ऊन-पाऊस दोन्हीतून चालता यावं म्हणून. दोनशे वर्षांनी आपल्यासारख्या वाटसरूंना ते उपयोगी पडतायत, मला फार भारी वाटतं हे. पाऊस सुरू झाला की टॅक्सी मिळायला मात्र वेळ लागतो, परत निघायची वेळ ठरवताना हे लक्षात घ्या.

जायचं कसं आणि कुठे

एमआरटी स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या खालीच आहे. वेगळं तिकीट नको, आपलं कॉन्टॅक्टलेस डेबिट-क्रेडिट कार्ड गेटवर टेकवायचं, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवलेले हवेत. माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर तिघे जाता येत नाही, हे आम्हाला गेटवर उभं राहून कळलं. परदेशी कार्डाला दिवसाचे ६० सेंट वेगळे लागतात, तरी टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त. ट्रेनमध्ये खाणंपिणं पूर्ण बंद, ५०० डॉलरपर्यंत दंड, पाण्याचा घोटसुद्धा उतरून घ्या.

माझा ठरलेला रस्ता सांगतो. एअरपोर्टहून पुढच्याच एक्स्पो स्टेशनला उतरायचं आणि निळ्या डाउनटाउन लाइनला बसायचं. या एकाच लाइनवर बेफ्रंट, लिटल इंडिया आणि बोटॅनिक गार्डन्स तिन्ही स्टेशनं आहेत, परत कुठे गाडी बदलायची भानगड नाही. बोटॅनिक गार्डन्सला तासभर लागतो पण एसीत बसून, आईबाबांनी तिथेच एक डुलकी काढली.

सकाळी उतरणाऱ्यांना मी हीच बाग सुचवेन. १८५९ ची बाग, २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत, पहाटे पाच ते मध्यरात्री उघडी, प्रवेश फुकट (आतल्या ऑर्किड गार्डनला तिकीट आहे). इथल्याच हेन्री रिडली या अधिकाऱ्याने रबराच्या झाडाला इजा न करता चीक काढायची पद्धत बसवली आणि त्यातून मलायातले रबराचे मळे उभे राहिले. बाबा शेतकी खात्यातून रिटायर झालेले, त्यांना ते ऐकून झाडासमोरून हलवेना. पाच डॉलरच्या नोटेवर छापलेलं तेंबुसूचं झाडही याच बागेत आहे, पण ते एमआरटीच्या दारापासून बरंच आत आहे, मोठी माणसं असतील तर सोडा.

मग तीन स्टेशनं मागे लिटल इंडिया. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून चालू आहे, शाकाहारी, डोसा आणि थाळी. विमानातलं खाल्ल्यावर गरम सांबार पोटात गेलं की म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर रंग येतो. कुठल्याही फूड सेंटरमध्ये जेवलात तर ट्रे स्वतः उचलून ठेवायचा, तसा नियम आहे. आणि टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलीय असं समजा.

रात्रीची फ्लाइट असेल तर संध्याकाळी बेफ्रंटला उतरून गार्डन्स बाय द बे. बाहेरची बाग फुकट, सुपरट्रींचा (झाडांच्या आकाराचे उंच मनोरे) लाइट शो पावणेआठ आणि पावणेनऊला. बाकांवर पाठ टेकून वर बघा.

एक जागा मात्र मी दुसऱ्या फेरीत मुद्दाम बघितली, सिटी हॉल स्टेशनजवळच्या एस्प्लनेड पार्कमध्ये. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांचं स्मारक तिथे होतं, जुलै १९४५ मध्ये नेताजींनी त्याची कोनशिला बसवली आणि ब्रिटिश परत आल्यावर त्यांनी ते पाडून टाकलं. १९९५ मध्ये त्या जागी खुणेचा फलक उभारला. आजूबाजूला फोटो काढणाऱ्यांची गर्दी मर्लायनकडे असते, इथे कुणी नसतं. बाबा दोन मिनिटं हात जोडून उभे राहिले. सकाळी लवकर गेलात तर सावली असते, फार चालणंही नाही.

परत येताना

टर्मिनल १, २, ३ ला सिक्युरिटी चेक शेवटी, बोर्डिंग गेटवर होतो. आपण मुंबईच्या सवयीने समजतो की आत आलो म्हणजे झालं, मग बाटली भरून घेतो आणि गेटवर ती ओतावी लागते. बाटली रिकामी करूनच गेटवर जा. मुख्य म्हणजे तिथे रांग लागते, म्हणून बोर्डिंगच्या वेळेआधीच गेट गाठा. सिंगापूरला मोठी परफ्यूमची बाटली किंवा दारू घेतली असेल तर सीलबंद पिशवी पुढे उतरेपर्यंत फोडू नका.

आईवडिलांसाठी व्हीलचेअर सांगितली असेल तर मधल्या वेळात तुम्ही बाहेर जाणार आहात हे उतरतानाच स्टाफला स्पष्ट सांगा, आणि परत किती वाजता, कुठल्या काउंटरला भेटायचं ते लिहून घ्या. आमचं दुसऱ्या वेळी हेच राहिलं आणि शेवटच्या पाऊण तासात बाबांना लांबचं गेट चालत गाठावं लागलं.

फ्लाइटच्या आधी कपडे बदला, ओले मोजे काढा, पाय पाच-दहा मिनिटं वर करून बसा, आणि बरोबर घेतलेले लाडू, चिवडा, लोणचं, मसाले यांची यादी एका कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. मेलबर्नला उतरायच्या आधी कार्ड भरताना खाण्याच्या वस्तू असल्याचं कबूल करावंच लागतं, अर्धवट झोपेत "काही नाही" वर खूण केली तर मोठा दंड बसतो.